मागं दोन खोल्या टाकायच्यात? आधी उतारा बघू

सोलापूरची जानेवारीतली गड्डा यात्रा उरकली आणि उसाचं बिल जमा झालं की मोहोळला माझ्या टेबलासमोर माणसं बसायला लागतात. मी परवानाधारक अभियंता. आसपासच्या गावांचे घरांचे नकाशे काढतो, ग्रामपंचायतीची कागदं तयार करून देतो. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, "साहेब, मागं दोन खोल्या टाकायच्यात. काय लागतंय?" कुणाच्या धाकट्याचं लग्न ठरलेलं असतं. कुणाच्या आईला आता जिना चढवत नाही. कुणाला चिंचोळी एमआयडीसीत कामाला येणाऱ्या पोरांना भाड्यानं द्यायच्या असतात, म्हणजे दर महिन्याला चार पैसे येतील. सगळ्यांना तेच तेच तोंडी सांगतो, म्हणून एकदा लिहून काढतोय.

नवा प्लॉट घ्या, असं मी सहसा सांगत नाही. गावठाणाची हद्द आहे तिथंच आहे. आत वाटण्या होत होत माणशी जागा कमी होत गेली. हायवेच्या कडेच्या गुंठ्याचा भाव आता गावातला माणूस ठरवत नाही, बाहेरचा ठरवतो. रानातला एक गुंठा घेऊ म्हणाल तर तुकडेबंदी आडवी येते. २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे, त्याहून लहान तुकड्याचं खरेदीखत सरळ होत नाही. अलीकडे काही सवलती आल्या आहेत, पण आपली जमीन त्यात बसते का, हे इसार देण्याआधी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात विचारायचं. इसार गेल्यावर विचारून उपयोग नाही. स्टँपपेपरवर लिहून घेतलेला गुंठा म्हणजे पैसे दिल्याची पावती, त्यानं सातबाऱ्यावर नाव लागत नाही.

सोलापूर शहराच्या कामगारांसाठी कुंभारीला मोठं काम झालं. विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरांची. त्यानंतर असंघटित कामगारांचं रे नगर तीस हजार घरांचं, त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या. पण तीनशे उंबऱ्यांच्या गावासाठी कुणी वसाहत उभी करत नाही. गावाला घर मिळतं ते गावातच. पडलेल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या जुन्या घराच्या जागी, रिकाम्या गोठ्यात, परसात. कुठल्याही गल्लीतून चालत जा, एखादा तरी पडका वाडा दिसेल. दाराला कुलूप, आत बाभळी, उताऱ्यावर चार भावांची नावं, आणि चारही भाऊ पुण्याला. आणि त्याच गल्लीत एका खोलीत सहा माणसं झोपलेली असतात. जागा नाही असं नाही, जागेचा कागद मोकळा नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी विटांचा भाव नंतर सांगतो.

जागा कशात मोडते

तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचे नियम वेगळे. शेजाऱ्यानं काहीच केलं नाही तरी त्याचं झालं, म्हणून तुमचंही होईल, असं नाही. त्याची जागा वेगळ्या प्रकारात असू शकते.

गावठाणातली जागा असेल तर बिनशेतीचा, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरायला काढण्याचा, प्रश्न येत नाही. सगळ्यात सोपा प्रकार हाच.

गावठाणाला लागून असलेलं रान असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम ४२-ड बघायचं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन राहण्याच्या वापरासाठी मानीव बिनशेती धरली जाते. त्यासाठी ठरलेले पैसे भरावे लागतात. किती भरायचं आणि कुठला कागद हातात मिळणार, यात शासन अधूनमधून बदल करतं, म्हणून तहसीलच्या बिनशेती टेबलावर त्या वर्षीचं परिपत्रक दाखवा म्हणायचं. हे २०० मीटर लोक शेवटच्या घरापासून किंवा मारुतीच्या देवळापासून मोजतात. ते मोजायचं गावनकाशावरच्या गावठाणाच्या रेषेपासून. नकाशा महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतो. घरं त्या रेषेच्या बाहेर कधीच गेलेली असतात, त्यामुळे तुमचं 'गावाला लागून' असलेलं रान प्रत्यक्षात अर्धा किलोमीटर लांब निघू शकतं. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असेल तर आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी, मग बाकीचं. इनाम, वतन, पुनर्वसनात मिळालेली जमीन यात येते. उजनीच्या पुनर्वसनातली गावं आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे तो शिक्का आहे का, हे डोळ्यांनी बघा.

तिसरा प्रकार रानात लांब वस्तीवरचा. शेतकऱ्याला स्वतःच्या रानात शेतघर बांधायला जमीन बिनशेती करावी लागत नाही. कायद्यात शेतघर म्हणजे धान्य, अवजारं, जनावरं यांच्यासाठीची आणि खातेदाराच्या कुटुंबाच्या, गड्याच्या किंवा कुळाच्या राहण्याची इमारत. मुलगा-सून वस्तीवर राहायला गेले, चालतं. सालगड्याला खोली बांधली, चालतं. पण एमआयडीसीतल्या पोरांना तीच खोली भाड्यानं दिली की ते शेतघर राहत नाही. सोलापूर महापालिकेच्या हद्दीलगतच्या पट्ट्यात शेतघरालासुद्धा परवानगी लागते आणि किमान एक एकर रान लागतं, तेव्हा उत्तर आणि दक्षिण सोलापूरवाल्यांनी तलाठ्याला विचारल्याशिवाय खड्डा मारू नये. (तलाठ्याच्या पाटीवर आता ग्राम महसूल अधिकारी लिहिलंय. हाक मारताना मात्र सगळे तलाठी भाऊसाहेबच म्हणतात.)

गायरानात बांधूच नका. २०११ साली सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हापासून ती टांगती तलवार आहे. हायवेला लागून जागा असेल तर राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरच्या आत बांधकाम करता येत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि सीनाकाठच्यांनी २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुराचं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं, ती खूण पुसायच्या आत तिथं खिळा मारून ठेवावा. लांबोटीच्या पुलावर हायवे बंद पडला होता, ते सगळ्यांनी बघितलंय. जोत्याची पातळी मी त्या खिळ्यावरून धरतो. जोतं त्याच्या वर नेता येत नसेल तर त्या जागेत माणसं राहायला घालू नका, वैरण ठेवा.

उतारा वाचायचा कसा

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. लोक आणतात तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीचा उतारा. वीस रुपये भरून अर्ज दिला की सेवा हमीत पाच दिवसांत मिळायला पाहिजे. घरपट्टीची थकबाकी असेल तर आधी ती भरा, कारण येणे बाकी नसल्याचा दाखलाही लागणार आहे.

नमुना ८ हातात आला की लोक पिशवीत घालतात. घालू नका, तिथंच ओट्यावर बसून वाचा. आधी मालकाचं नाव. बऱ्याच उताऱ्यांवर आजोबांचं असतं, आणि आजोबा जाऊन मुलांचीही साठी उलटलेली असते. शेजारच्या रकान्यात भोगवटादार, म्हणजे प्रत्यक्ष कोण राहतो. दोन्ही नावं वेगळी असतील तर का वेगळी आहेत, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या, अजून सांगणारा आहे तोवर. मग वर्णन. 'दगड-मातीचे माळवद, तीन खण' असं असतं, आणि जागेवर माळवद कधीच पडलेलं असतं. मग लांबी-रुंदी. ही टेप लावून तिथल्या तिथं पडताळायची. उताऱ्यावर ३० बाय ४० आणि जागेवर ३० बाय ३४ भरली, तर सहा फूट गेले कुठं? बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या न्हाणीत नाहीतर गल्लीच्या गटारीत. खोल्या बांधायला काढल्यावर हे कळलं की भांडण, आधी कळलं की बोलणं. शेवटी चतुःसीमा. पूर्वेला अमक्याचं घर लिहिलंय, त्या अमक्याच्या नातवानं घर विकलेलं असतं, ते आजच्या नावानं समजून घ्या.

इतकं सगळं करूनसुद्धा नमुना ८ हा कराचा कागद आहे, मालकीचा नाही. ग्रामपंचायत कर कुणाकडून घेते, एवढंच तो सांगतो. मालकीचा कागद म्हणजे मिळकत पत्रिका. २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी झाली आणि पत्रिका तयार होत गेल्या. तुमच्या गावची झाली असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून ती काढा, आणि नकाशातली तुमची रेषा जागेवर जाऊन बघा. ड्रोनला पत्र्याची कड दिसते, पत्र्याखालची भिंत कुणाची ते दिसत नाही. मोजणीच्या दिवशी जो हजर नव्हता त्याची सामायिक भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत गेल्याची उदाहरणं आहेत. तसं वाटलं तर भूमी अभिलेखात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हद्द खुणेची मोजणी मागवायची असेल तर नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. बांधकाम याच वर्षी काढायचं असेल तर द्रुतगतीचे जादा पैसे वसूल होतात. मोजणीनंतर 'क' प्रत, म्हणजे मोजलेल्या हद्दीचा नकाशा, मागून घ्या आणि खुणांचे दगड त्याच दिवशी सिमेंटात रोवा. उद्यावर टाकलं तर दगड चालायला लागतात.

भाऊ, बहिणी आणि सहीचा प्रश्न

उताऱ्यावर वडिलांचं नाव आणि वडील नाहीत, तर पहिलं काम वारस नोंद. वारसात बहिणी येतात. लग्न झालेल्याही येतात. "ती काय मागणार हाय का?" असं मला मावश्यासुद्धा म्हणतात. ती मागणार नसेलही, पण उद्या कर्ज काढायला गेलात की बँक तिची सही मागते, आणि तेव्हा भाऊजी बोलायला बसतात. बहिणीला आपला हक्क सोडून द्यायचा असेल तर हक्कसोडपत्र, ते नोंदणीकृतच. नोटरीचा कागद इथं चालत नाही. तिला जागेतला हिस्सा नको पण बदल्यात काही द्यायचं ठरलं असेल, तर ते आजच ठरवा आणि द्या. बहिणीच्या सहीचा मोबदला साडी-चोळी, हा रिवाज मला पटत नाही. पण तो माझा नकाशाचा विषय नाही.

वडील हयात आहेत आणि एकाच मुलासाठी मागं खोल्या काढायच्या आहेत, तर नुसतं बांधून मोकळं होऊ नका. ती जागा कुणाच्या हिश्श्याची, हे कागदावर आणा. वाटणीपत्र करा किंवा वडिलांकडून त्या भागाचं बक्षीसपत्र. आईवडिलांनी मुलाला राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक नाममात्र आहे. धाकट्यानं चार लाख घालून खोल्या बांधाव्यात आणि दहा वर्षांनी थोरल्यानं "जागा सामायिक" म्हणावं, असले दावे मोहोळच्या कोर्टात बघायला मिळतात.

नकाशा आणि परवानगी

ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ नं बांधकामावर ग्रामपंचायतीचं नियंत्रण आहे. २०२१ मध्ये ग्रामविकास विभागानं लहान भूखंडांसाठी रस्ता सोपा केला. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण सोळाशे चौरस फुटांच्या भूखंडाला वेगळी परवानगी लागत नाही. मालकीचा कागद, जागेचा आणि इमारतीचा नकाशा, बांधकाम एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला, आणि ठरलेलं शुल्क, एवढं ग्रामपंचायतीत जमा करायचं. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला हीच कागदं देऊन ग्रामपंचायतीकडून बांधकाम सुरू करण्याचा दाखला घ्यायचा. त्याच्या वर नगररचनेकडे जावं लागतं. नमुना ८ वर तुमची जागा किती भरते ते आधीच बघितलं असेल, तर तुम्ही यातल्या कुठल्या खणात बसता ते आपोआप कळतं.

परवानगी लागत नाही याचा अर्थ कागद द्यायचे नाहीत, असा गावात होतो. कागद द्यायचेच. आणि दिल्याची पोच, शिक्का आणि आवक नंबरासकट. "ग्रामसेवक आपलाच हाय" म्हणून पोच न घेणारे बरेच आहेत. ग्रामसेवकाची बदली होते.

कामगार उपकर बांधकाम खर्चाच्या एक टक्का असतो. स्वतःच्या राहण्याचं घर कायद्यातल्या खर्चमर्यादेच्या आतलं असेल तर तो लागत नाही. शुल्काच्या यादीत कुणी तो घातला तर विचारा.

नकाशा किती मोठा? पंचवीस चौरस मीटर, म्हणजे पावणेतीनशे चौरस फुटांच्या आसपास, एका जोडप्याला आणि एका पोराला नीट पुरतं. दहा बाय बाराची खोली, आठ बाय दहाचं स्वयंपाकघर, संडास आणि न्हाणी वेगवेगळे, आणि पुढं बसायला ओसरी. दोन गोष्टींवर मी अडून बसतो. मागच्या खोल्यांना जायला स्वतंत्र बोळ हवा, निदान चार फुटांचा, म्हणजे आजारी माणसाला खाटेसकट बाहेर काढता येतं आणि पुढच्या घरातून कुणाला जावं लागत नाही. आणि चूल वेगळी. सासू-सुनेचं चांगलं असलं तरी वेगळी. पन्हाळीचं पाणी आपल्याच हद्दीत पडलं पाहिजे आणि शेजाऱ्याच्या अंगणात उघडणारी खिडकी नको. गावातली निम्मी भांडणं या दोन गोष्टींवरून आहेत, असं माझं मत.

काळ्या मातीत पाया

एप्रिलमध्ये काळ्या मातीच्या रानात जा आणि भेगेत हात घालून बघा, कोपरापर्यंत जातो. तीच भेग श्रावणात मिटलेली असते. माती पाणी पिऊन फुगते, वाळून आकसते, आणि वर बांधलेलं घर दरवर्षी उचलून खाली ठेवते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, खाली बारीक आणि वर रुंद. लोक त्यात सिमेंट भरतात, पुढच्या पावसाळ्यात ती शेजारून निघते. गवंड्याचा दोष नसतो, पाया मातीत थांबलेला असतो.

म्हणून नकाशाआधी चाचणी खड्डा. जिथं भिंत येणार तिथं एका कोपऱ्यात आणि समोरासमोरच्या दुसऱ्या कोपऱ्यात. एकच खड्डा पुरत नाही, गावठाणात जुने पेव, आड, उकिरडे बुजवलेले असतात. पांढरीच्या मातीच्या गावात तर दहा फूट नुसता पिढ्यान्‌पिढ्यांचा भराव निघतो, त्यात खापरं आणि राख. कुदळ खणखणायला लागली आणि पिवळसर मुरूम निघाला की थांबा, त्यात आणखी फूटभर जा, आणि फुटिंग, म्हणजे पायाचा रुंद तळ, तिथं बसवा. मुरूम चार फुटांवर लागला तर नशीब. आठ-दहा फुटांच्या खाली गेला तर सलग पाया खोदत बसण्यापेक्षा कॉलम घ्या किंवा अंडर-रीम्ड पाईल करा. तळाशी फुगवटा असलेली ही पाईल रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं असल्याच मातीसाठी विकसित केली.

कॉलम जोत्याच्या बीमनं एकमेकांना बांधून घ्या. खोलीच्या आतली काळी माती काढून टाका, पायाच्या खड्ड्यातून निघालेली तीच माती जोत्यात ढकलू नका. ठेकेदार ढकलतो, कारण वाहतूक वाचते. मुरूम आणा, वीत-वीत थर द्या, पाणी मारून धुमसाने ठोका. घराभोवती तीन फुटांचा बाहेर उतार असलेला फरशीचा पट्टा करा. आपल्याकडे शहाबादी फरशी जवळून येते, त्यात कंजुषी करू नये. पायाजवळ पाणी मुरलं नाही तर अर्धी चीर तिथंच थांबते.

जुन्या घराच्या दगड-मातीच्या भिंतीला टेकून नवी भिंत चढवायची नाही. दोन्ही वेगवेगळ्या खचतात. बोटभर सांधा सोडा आणि वरून पत्र्याची पट्टी मारा. माळवदावर वरचा मजला चढवायचा असेल, तर तो नकाशा मी काढत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला माणसं जड दगडी भिंती आणि वरच्या मातीखालीच गेली. किल्लारी इथून फार लांब नाही. नव्या खोल्यांना जोत्यावर आणि दाराखिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा घ्या, घराभोवती पूर्ण फिरलेला, मधेच तोडलेला नाही.

ऊन

माळवद थंड असायचं, स्लॅब तापतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि स्लॅबची खोली रात्री अकरालाही झोपू देत नाही. पश्चिमेकडे झोपायची खोली ठेवू नका. संडास, न्हाणी, जिना, वैरणीची खोली, जे काही माणसाविना चालतं ते पश्चिमेला लावा, ऊन त्यांनी खावं. खिडक्या समोरासमोर. उंची दहा फूट. स्लॅबवर दर उन्हाळ्याच्या आधी चुन्याचे दोन हात. एवढं केलं तरी कूलर लागेल, पण कमी लागेल.

स्लॅब गड्ड्यानंतर आणि पाडव्याच्या आत पडला तर उत्तम. पुढं ऊनही वाढतं आणि टँकरचा भावही. काँक्रीट पहाटे सुरू करा, ऊन चढायच्या आत संपवा. मग स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवा, चौदा दिवस ते आटू देऊ नका. कॉलमला बारदान गुंडाळून भिजतं ठेवा. पाणी मारायला घरातलं एक माणूस नेमा, बिगाऱ्यावर सोडलं की दुपारी विसरतं.

संडासाला दोन शोषखड्डे घ्या, सेप्टिक टँकपेक्षा स्वस्त आणि उपसायची कटकट नाही. एका वेळी एकच चालू, भरला की दुसरा. पहिला दोन वर्षं बंद ठेवला की आत खत होतं. मात्र काळ्या मातीत पाणी झिरपत नाही, म्हणून खड्ड्याचा तळ मुरमापर्यंत न्या आणि भोवती वाळू-खडीचा थर भरा. आड किंवा बोअरपासून निदान पन्नास फूट लांब.

पैसा

पक्कं घर नसलेल्या कुटुंबासाठी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणचे मूळ अनुदान एक लाख वीस हजार. त्यावर रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी आणि संडासाचे बारा हजार वेगळे. राज्यानंही २०२५ मध्ये वर भर घातली आहे. हप्ते कामाच्या टप्प्यावर, फोटो काढून झाल्यावर पडतात. म्हणजे जोत्यापर्यंतचा पैसा आधी तुमच्या हातात पाहिजे. अनुसूचित जातींसाठी रमाई, जमातींसाठी शबरी, इतर मागासांसाठी मोदी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, असे वेगळे रस्ते आहेत. घरकुल मंजूर आहे पण जागाच नाही, अशांना पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पाचशे चौरस फुटांपर्यंतची जागा घ्यायला एक लाखापर्यंत मदत मिळते, आणि घरकुलासाठी एक हजार चौरस फुटांपर्यंतच्या तुकड्याला तुकडेबंदीतून जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मागता येते. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, हे हजार त्याच्या आतलेच. घरकुलाला पाच ब्रास वाळू फुकट आहे. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, ट्रॅक्टरवाला दाखवतो तो ढीग मोजून घ्या.

घरकुल मिळणार म्हणून पंचवीस चौरस मीटरचं घर सहाशे फुटांवर नेऊ नका. जोतं मोठं झालं की अनुदान जोत्यातच संपतं, आणि दोन पावसाळे उघडे कॉलम गंजत उभे राहतात. गावोगाव ते दिसतात. पाया पुढच्या मजल्याचा ठेवा, खोल्या दोनच बांधा.

गवंड्याशी बोलताना चौरस फुटाचा नुसता भाव ठरवू नका. सेंट्रिंग कुणाचं, गिलावा आतबाहेर दोन्हीकडे का, जिना धरलाय का, पाणी कुणाचं, हे वहीत लिहून दोघांच्या सह्या. पैसे टप्प्याटप्प्यानं: पाया, जोतं, स्लॅब, गिलावा. शेवटचा हप्ता गळती बघून.

राहायला गेल्यावर

काम संपलं की ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि नमुना ८ वर नव्या खोल्यांची नोंद घ्यायला लावा, भोगवटादाराच्या नावासकट. घरपट्टी वाढते म्हणून लोक हे टाळतात. पण नोंद नसलेल्या खोलीवर कर्ज मिळत नाही, पुरात पडली तर पंचनाम्यात ती दिसत नाही.

भाड्यानं देणार असाल तर अकरा महिन्यांचा करार नोंदवा, भाडेकरूच्या आधारची प्रत आणि मूळ गावचा पत्ता पोलीस ठाण्यात द्या. एका खोलीत किती पोरं राहणार, तो आकडा करारातच लिहा. दोन सांगून सहा येतात आणि शोषखड्डा वर्षात भरतो. लाइटचं मीटर वेगळं घ्या. महावितरणकडे अर्ज, कोटेशन भरायचं, मग मीटर. अर्जाला नव्या खोल्यांचा नमुना ८ किंवा चालू घरपट्टीची पावती लागते, म्हणून नोंदीचं काम आधी, मीटरचं नंतर.